यंत्राला किती मोकळं सोडायचं?

हल्ली ऑफिसात जो तो 'एआय एजंट'बद्दल बोलतोय. बिलं तपासणं, ग्राहकाला उत्तर देणं, मालाची ऑर्डर टाकणं... सगळं म्हणे तोच करणार. मग मीटिंगमध्ये हमखास वाद. प्रत्येक पायरीवर माणसाची सही लागणार असेल, तर यंत्र घ्यायचं कशाला? आणि मोकाट सोडलं, तर निस्तरायचं कोणी?

मला अशा वेळी आमच्या खानदेशातला केळीचा विमा आठवतो. हसू नका!

जळगावकडे रावेर-यावल, धुळ्याकडे शिरपूर, हा सगळा केळीचा पट्टा. हवामान आधारित फळपीक विम्यात थंडीचा चरका बसला तर बांधावर कुणी येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचं तापमान ठरलेले दिवस सलग ठरलेल्या मर्यादेखाली राहिलं, की मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई लागू. अर्ज नाही, वशिला नाही. गारपिटीचं मात्र वेगळं. गारा एका शेतात पडतात, शेजारी पडतही नाहीत. म्हणून ते जादा संरक्षण घेतलेल्याने 72 तासांत कळवायचं, मग माणसं येऊन पाहणी करणार.

यात एआय वगैरे काही नाही, साधा नियम आहे. पण वाटणी शहाणपणाची आहे. सगळ्यांना सारखं लागू होतं ते यंत्राकडे, शेतागणिक बदलतं ते माणसाकडे.

गोची पुढेच आहे. आमच्या मामांची बाग तापीकाठच्या खोलगट जमिनीत. थंड हवा खोलगटात साचते, केंद्र मात्र उंचावर. एका हिवाळ्यात बाग करपली, आकडा रेषेच्या जरासा वर राहिला. मामा म्हणाले, "आकडा खोटा म्हणत नाही रे मी. पण तो माझ्या बागेतला नाही, हे सांगू कुणाला?"

मोठ्या कंपन्यांचंही तेच. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार, असा कंपनीचा बचाव! ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

म्हणून एजंट किती हुशार, हे मी हल्ली विचारतच नाही. त्याच्या निर्णयावर हरकत घेणाऱ्याला कुणाच्या टेबलापाशी पाठवायचं, आणि त्या टेबलावरच्या माणसाला निर्णय फिरवता येतो का, एवढंच विचारतो. नाव सांगता आलं, तर खुशाल सोडा मोकळं. 'सिस्टीमने ठरवलंय' एवढंच उत्तर असेल, तर मामांना काय सांगणार?