बांगडी की ओतीव? दुर्बिणीच्या रिंगांवरून आठवलेली एक चूक

१/ गेल्या महिन्यात ढोकीहून मामेभावाचा फोन आला. त्याने स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल घेतली आहे आणि तिच्यावर दुर्बीण बसवायची आहे. दुकानदाराने दोन पर्याय दाखवले : दोन सुट्या रिंगा, किंवा दोन्ही रिंगा एकाच बैठकीवर असलेला वन-पीस माउंट. "दादा, तू तोफांवर लिहितोस ना? मग सांग, यातलं चांगलं कोणतं?" त्याला उत्तर देण्याआधी मला माझीच एक जुनी चूक आठवली. हा धागा त्या चुकीविषयी आहे.

२/ दोन वर्षांपूर्वी दख्खनच्या तोफांवर लिहिताना मी एक वाक्य ठोकून दिले होते : बांगडी तोफ म्हणजे ओतकाम न जमल्याची कबुली. लोखंडी कड्या जोडून केलेली ती मागासलेली, आणि एकसंध ओतलेली ती प्रगत. वाक्य अनेकांना आवडले, काहींनी पुढेही पाठवले. ते चुकीचे होते.

३/ ते चुकीचे आहे हे मला ग्रंथालयात नव्हे, विजापुरात कळले. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, घेऊन तिथे गेलो होतो. 'मलिक-ए-मैदान' पाहायची त्यांची फार दिवसांची इच्छा होती, कारण ही तोफ एके काळी आमच्याच जिल्ह्यातल्या परांडा किल्ल्यावर होती. निजामशाहीत १५४९ मध्ये मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ती ओतली आणि १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला नेण्यात आली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास, तोंड हत्तीला गिळणाऱ्या श्वापदाचे. ओतणाऱ्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे.

४/ तिथून आम्ही हैदर बुरुजावर गेलो. १५८४ मध्ये बांधलेल्या या उंच बुरुजाच्या बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या आबा थांबत थांबत चढले. वर 'लांब छडी' ही नऊ मीटरहून अधिक लांबीची लोखंडी तोफ आहे. तिच्यावर ना श्वापद, ना नक्षी. नळीवर ओळीने चढवलेली वळी तेवढी दिसतात. मी घाईने छायाचित्र घेतले आणि निघालो. आबा मात्र खाली बसून एका वळ्यावरून बोटे फिरवत होते. म्हणाले, "आरं, ही तर धाव हाय की!"

५/ धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. तेरणा कारखान्याकडे उसाच्या गाड्या जात, तेव्हा गावचा लोहार ती कशी चढवी, हे आबांनी तिथेच सांगितले. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवायचा. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. निवताना ती आक्रसते आणि आरे, तुंबा, सगळे चाक आवळून धरते. खिळ्यापेक्षा ही आवळणच चाकाला सांभाळते.

६/ बांगडी तोफेचे तत्त्व हेच. लोखंडाच्या लांब पट्ट्या पिंपाच्या फळ्यांसारख्या गोलाकार मांडायच्या, त्यांवर तापवलेली कडी एकापुढे एक चढवायची, घणांनी ठोकून सांधायची. बार उडताना आतला दाब नळी फाडू पाहतो. बाहेरची आक्रसलेली कडी तिला आधीपासूनच आत दाबून धरते.

७/ मग दोन पद्धती का? उत्तर भट्टीत आहे. तोफेचे कासे, म्हणजे तांबे व कथील यांचे मिश्रण, १००० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते; शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. आपल्याकडच्या भट्ट्यांतून निघे तो लोखंडाचा सच्छिद्र गोळा. तो ठोकून घडवता येई, साच्यात ओतता येत नसे. उलट मोठी कासे-तोफ ओतायची तर टनावारी महाग धातू एकाच वेळी वितळलेला हवा आणि धार तुटता कामा नये. लोखंड तुलनेने स्वस्त होते आणि थोडेथोडे जोडत नेता येई.

८/ बांगडी तोफेत दोष नव्हते असे नाही. सांधा कच्चा राहिला तर तोफ फुटे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात स्वतःचीच तोफ फुटून मेला. एडिंबरोच्या 'मॉन्स मेग'ची तुटलेली कडी आजही दिसतात.

९/ पण माझे वाक्य पुरते मोडले ते पुढच्या वाचनाने. १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम आर्मस्ट्राँगने नव्या तोफा घडवल्या, त्या आतल्या नळीवर तापवलेली लोखंडी वेटोळी चढवून आणि आक्रसू देऊन. म्हणजे ज्याला मी मागासलेले म्हटले, तेच तत्त्व औद्योगिक युगाने पुन्हा उचलले. आणि जिला मी प्रगत म्हटले, त्या मलिक-ए-मैदानला १८५४ मध्ये निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढले गेले. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. सुदैवाने विक्री रद्द झाली.

१०/ लांब छडीवर घडवणाऱ्याचे नाव मला आढळले नाही. ज्या लोहाराबद्दल आबा बोलत होते, त्याचे नाव मीही त्या दिवशी पहिल्यांदाच विचारले. त्याचे दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर होते. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि भाता थांबला. कौशल्याची उतरंड मी कागदावर लावली होती, आणि तिच्यात हा माणूस तळाशीही नव्हता.

११/ मामेभावाला शेवटी असे सांगितले : सुट्या रिंगा हलक्या असतात, हव्या तिथे सरकवता येतात, पण त्या एका रेषेत नसतील तर स्क्रू आवळताना दुर्बिणीची नळी वाकते. वन-पीसमध्ये दोन्ही रिंगा मुळातच एका रेषेत असतात. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका देते, त्याने माउंट सरकतो. लांब बैठकीची पकड तिथे जास्त टिकते. तुझ्या रायफलीला वन-पीस घे. पण म्हणून रिंगा वाईट असे समजू नकोस. आधी झटका कसला आहे ते पाहा, मग पकड निवड.

१२/ जुन्या धाग्यातले ते वाक्य मी पुसलेले नाही. त्याखाली या धाग्याचा दुवा जोडला आहे. आपल्या जवळच्या गडावर बांगडी तोफ असेल, तर पुढच्या वेळी एका वळ्यावर हात ठेवून पाहा, आणि घरात धाव चढवताना पाहिलेले कोणी असेल, तर त्यांना सोबत न्या.