गवताने धरलेलं गवत

आश्विन सरताना मिरजगावच्या आसपासचा माळ पिवळा पडू लागतो. कुसळी पिकते, तिची काळपट शेपटं एकमेकांत गुंततात, आणि मेंढीच्या लोकरीत, धोतराच्या सोग्यात शिरून बी प्रवासाला निघतं. त्यातलंच एखादं कुणी ग्रंथसंग्राहक घरी आणतो आणि गवतांवरच्या पुस्तकात, त्याच्या वर्णनाशेजारी डकवतो. त्या बियाचा प्रवास मग कागदावर थांबतो.

खरंच थांबतो का? जरा निरखून पाहू. कुसळाची शेपटी पीळदार असते. कोरड्या हवेत पीळ आवळतो, ओल लागली की सैलावतो. याच वळण्या-उलगडण्याने टोकदार बी मातीत शिरतं. ही किमया पेशींच्या भिंतींच्या घडणीत आहे, त्यामुळे कुसळ वाळल्यावरही ती उरते. बुड डकवून शेपूट मोकळं सोडलेलं असेल, तर उघड्या पानावर मृगाच्या दमट हवेत ते हलकेच अंग वळवतं. पाऊस आल्याचं त्या निर्जीव तंतूला अजून कळतं!

आणि त्याला धरून ठेवणारी खळ? ती गव्हाच्या पिठाची, आणि गहूही गवतच. गवताला गवताने कवेत घेतलेलं. त्या पिष्टाच्या ओढीने कसर येते. तिला दूर ठेवायला बांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. माळावर काळवीट चरतो, कपाटात कसर. चरणाऱ्यांची आणि चरल्या जाणाऱ्यांची ही साखळी पुस्तकाच्या पुठ्ठ्याशी तुटत नाही.

पुस्तकात आपलं काही जोडण्याची ओढ जुनीच. इंग्लंडात १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजर यांचा चरित्रकोश निघाला आणि पुढे वाचक आपापल्या प्रतींत माणसांची चित्रं डकवू लागले. छापील प्रती सारख्या. डकवलेली प्रत मात्र जगात एकच. युरोपातले आरंभीचे वनस्पतिसंग्रहही बांधीव ग्रंथांतच जपलेले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळल्या फांद्या आजही कागदांवर नांदतात. त्यांच्याजवळच्या चिठ्ठीवर गाव असतं, तारीख असते. त्या दोन नोंदींमुळे वाळलेलं पान साक्षीदार होतं: तेव्हा इथे हे उगवत होतं, याच सुमारास फुलत होतं.

आपल्या माळांना अशा साक्षीदारांची निकड आहे. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. त्याच्या कुंपणापलीकडचं गवत ‘पडीक’ म्हणून नांगराखाली जातं, आणि काय गेलं हे सांगायला कुणी उरत नाही.

म्हणून डकवणाऱ्या हातांनो, पानाशेजारी गावाचं नाव, तारीख आणि जमीन मुरमाड की काळी, एवढं जरूर लिहा. गवताचं नाव पुढे एखादा जाणकार शोधून देईल. ते कुठल्या मातीत आणि कुठल्या दिवशी उभं होतं, हे मात्र वेचणाऱ्यालाच ठाऊक असतं.