निगा

‘निगा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ ‘निगाह’, म्हणजे नजर. लेकरांची, जनावरांची, विहिरीवरच्या इंजिनाची निगा राखताना त्यातली नजर आपण विसरतो. मला ती पुन्हा सापडली आष्टीत, सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांच्या रिव्हॉल्व्हरपाशी.

खंडेनवमीला विळ्या-कुऱ्हाडीसारखे बंदुकीलाही हळदकुंकू लागते. मामा ते पेटीला लावतात, शस्त्राला नाही. ओलसर कुंकवाखाली पोलाद गंजते, एवढेच त्यांचे कारण.

साफसफाई त्यांच्या लेखी तेलाने नव्हे, पाहण्याने सुरू होते. नळी निर्धोक दिशेला, बोट चापापासून दूर. कानपूरच्या आयुध कारखान्याचे ते ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडते. काडतुसे काढून, मोजून दुसऱ्या खोलीत कुलपात. परत येऊन सहाही कप्पे आधी डोळ्यांनी, मग करंगळीने तपासायचे. “मघाशीच पाहिलं की” हे वाक्य तिथे चालत नाही. मग खिडकी उघडून द्रावणात भिजवलेला पितळी ब्रश नळीतून आणि प्रत्येक कप्प्यातून फिरतो. फडके स्वच्छ निघेपर्यंत कोरडे पुसणे. शेवटी तेलाचा पुसट हात. तेल जास्त झाले तर आष्टीची धूळ त्याला चिकटून सांधे घासते, काडतुसाच्या टोपीत झिरपले तर बारच उडत नाही. चामड्याच्या म्यानात ते कायमचे ठेवायचे नाही, चामडे ओल धरते. आणि हात साबणाने धुवायचे, कारण काजळीत शिसे असते.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. ती गोळीने झाली नव्हती. तरी त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या बाराशेहून अधिक शस्त्रपरवान्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती तेव्हा घरोघर पाहिल्या गेल्या. त्या हातांनी कधी ब्रश धरला असेल असे मला वाटत नाही. (शस्त्र मिरवणाऱ्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही, ते पुसत बसणाऱ्यासाठी मला एकही आठवेना.)

निवडणुकीच्या आचारसंहितेत मामांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. परत घेताना ते टेबलावरच उघडून पाहतात. “मामा, तुम्हीच रिकामं करून दिलं होतं,” हवालदार हसतो. “होय,” म्हणत मामा सहावा कप्पा उजेडाकडे धरतात.