कर्वे रस्ता, सायकलीवरून

मैत्रिणींनो, एके काळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर! आता कर्वे रस्त्यावर २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो धावते अन् खाली वाहनांची रीघ. परवा डेक्कनहून नळस्टॉपला निघाले. भीतीपोटी अगदी कडेनं चालले होते, तोच उभ्या मोटारीचं दार फटकन उघडलं. थोडक्यात बचावले!

तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून दोन हात लांबून, सरळ रेषेत जाते. बस डावीकडे वळत असेल तर तिच्या डावीकडून घुसू नका. ड्रायव्हरला आपण दिसत नाही. नळस्टॉपचा उड्डाणपूल टाळून खालूनच जा. उजवीकडे जायचंय? सिग्नलला उतरा, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. पदर खोचलेला अन् संध्याकाळी मागं लाल दिवा हवाच. दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. घरी सुखरूप पोचणं महत्त्वाचं, नाही का?