तंबोऱ्यावर कोण बसलंय?

माझे नाद दोन. एक ओपन सोर्स, दुसरा समोर बसून ऐकायचं गाणं. पहिला ऑफिसातल्यांना कळतो, दुसरा घरच्यांना. दोन्ही एकाच माणसाला कसे, असं दोन्हीकडचे लोक विचारतात, म्हणून आज हे पुराण :-)

खरं तर या दोन जगांची सोयरीक जुनी आहे. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या कार्यक्रमांना लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडने त्यांना हाकललं नाही, उलट १९८४ साली त्यांच्यासाठी वेगळी जागाच ठरवून दिली. अट एवढीच की टेपा वाटा, पण विकू नका. (जीपीएलवालं सॉफ्टवेअर विकलं तरी चालतं, फक्त सोर्स द्यावा लागतो. तेवढा फरक!) पुढे ही वाटावाटी इंटरनेटवर आली. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा फेकून देतो, ते या मंडळींना कसं चालणार? २००१ साली फ्लॅक या ओपन सोर्स फॉरमॅटची १.० आवृत्ती आली. फाइल लहान, आणि एक बिटही गहाळ नाही. २००२ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह सुरू केलं. या बँडचे एक गीतकार, जॉन पेरी बार्लो, तर १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक होते.

असो. माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो पुण्यातला आहे.

१९५३ पासून इथे सवाई गंधर्व महोत्सव होतो. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. तिथे आपण गायकाकडे बघतो, तबल्याला दाद देतो. मागे तंबोरा धरून बसलेल्यांकडे किती जण बघतात? बहुतेक वेळा ते गायकाचे शिष्य असतात. तासभर त्याच चार तारा छेडायच्या, हलायचं नाही, टाळ्या नाहीत. पण एक तार उतरली की गायकाची मान लगेच मागे वळते.

ओपन सोर्समध्ये असे तंबोरेवाले पुष्कळ आहेत. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी लिनक्सच्या जगात सगळीकडे आहे, आणि ती बरीच वर्षं मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. तो थकला होता. तेव्हा मदतीला एक अनोळखी नाव आलं, दोन वर्षांहून जास्त काळ गुणी शिष्यासारखं काम केलं, अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. मार्चमध्ये तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपलं एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि त्याने खणत खणत मूळ गाठलं. अर्धा सेकंद! याला मी कान म्हणतो.

हे सगळं आज का आठवलं? मी स्वतः गेली सहा वर्षं एक छोटी लायब्ररी सांभाळतोय. वापरणारे थोडे, पण तक्रारी रविवारी सकाळीच येतात. आता कंटाळा आलाय. गेल्या महिन्यात एका अनोळखी माणसाने विचारलं, मी घेऊ का सांभाळायला? वर्षभर त्याचे पॅच चांगले आलेत. मित्र म्हणाला, "देऊन टाक ना रे, सुटशील."

दिलं नाही. पण नाही म्हणून हाकललंही नाही. सगळ्यांवर संशय घेत बसलो तर ओपन सोर्स उरेलच काय? मी त्याला इतरांचे बदल तपासायला सांगितलं, रिलीजची किल्ली माझ्याकडे ठेवली, आणि लायब्ररी वापरणाऱ्या दोघांना लिहिलं की आता तुम्हीही येऊन वाचा. नुसता वर्षांचा हिशोब पुरत नाही, दोन वर्षं तर त्या चोरानेही काढली होती. गाण्यात तंबोरा बिघडला तर गायकाला, तबलजीला, समोरच्या जाणकारांना, सगळ्यांना कळतं. ऐकणारे जितके जास्त तितकं बरं.

दोघांपैकी एकाचं उत्तर आलंय. येतो म्हणाला.

तुमच्या प्रॉडक्टखाली कुणाचे तंबोरे वाजतायत, सोमवारी जरा यादी काढून बघा. त्यातल्या एखाद्याचा कोड उघडून वाचा. अर्धा तास पुरेल.