मागचा कप्पा

रुग्णवाहिकेत जिवाला सर्वाधिक धोका मागच्या कप्प्यात असतो. चालकाला समोरचा रस्ता दिसतो. खड्डा, वळण किंवा आडवी आलेली गुरे दिसताच त्याचे अंग आपोआप सावरते आणि बहुधा त्याने पट्टाही लावलेला असतो. मागच्या डॉक्टरला यातले काहीच दिसत नाही. तो बाजूच्या बाकावर बसलेला असतो, नाहीतर रुग्णावर वाकून उभा असतो. एका हातात कृत्रिम श्वास देणारी अँब्यू बॅग, दुसऱ्या हाताने सलाईनचा वेग पाहणे, अशा अवस्थेत पट्टा लावून काम होत नाही. छातीदाब द्यायचा तर उभेच राहावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९९२ ते २०११ या वीस वर्षांतल्या अपघातांचा आढावा घेतला, तेव्हा तिथे वर्षाला सरासरी ४,५०० अपघातांत रुग्णवाहिका सापडल्याचे दिसले. गंभीर अपघातांच्या तपासणीत मागच्या कप्प्यातल्या ८४ टक्के कर्मचाऱ्यांनी पट्टा लावलेला नव्हता. खांद्याचे आणि कमरेचे असे दोन्ही पट्टे फक्त ३३ टक्के रुग्णांना लावलेले होते, आणि ४४ टक्के रुग्ण स्ट्रेचरवरून फेकले गेले होते. ज्याला वाचवण्यासाठी गाडी धावत होती, तोच असा फेकला जावा, ही गोष्ट मनाला फार लागते.

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे सिंधुदुर्गात रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर म्हणून काम केले. तिथल्या अनेक गंभीर रुग्णांना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावे लागते. सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, पुढे म्हापसा हा रस्ता मागच्या कप्प्यातून अंगाला कळतो, डोळ्यांना नाही. पावसाळ्यातल्या एका रात्री बांद्याच्या अलीकडे चालकाने, म्हणजे त्या नोकरीतल्या शब्दात पायलटने, म्हशी चुकवण्यासाठी जोरात ब्रेक दाबला. स्ट्रेचरची खिटी नीट बसली होती आणि रुग्णाला पट्टे होते, म्हणून तो जागेवर राहिला. लेखक मात्र पुढच्या फळीवर आदळला. कोपऱ्यात नुसता टेकवून ठेवलेला ऑक्सिजनचा लहान सिलेंडर घरंगळत रुग्णाच्या मुलाच्या पायावर आला. पाय मोडला नाही, पण तो मुलगा बांबोळीला पोचला तो लंगडतच. सिलेंडर बांधलेला आहे की नाही, हे निघताना पाहणे हे डॉक्टरचे काम होते आणि ते राहून गेले होते.

त्या रात्री गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागीच थांबली, तर आतल्या सुट्या माणसाला बसणारा मार सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. वेग ६० झाला की ही उंची चौदा मीटरच्या वर जाते. सुटा सिलेंडर, मॉनिटर, सक्शन यंत्र, औषधांची पेटी यांनाही हाच नियम लागू होतो. भारतात रुग्णवाहिकांच्या बांधणीसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे. पण चांगला पट्टा बसवलेला असला तरी तो आवळण्याचे काम माणसालाच करावे लागते.

बांदा-म्हापसा हा रस्ता ज्या राष्ट्रीय महामार्ग ६६ चा भाग आहे, त्याच महामार्गावर, कर्नाटकात बैंदूरजवळच्या शिरूर टोलनाक्यावर, २० जुलै २०२२ रोजी होन्नावरहून रुग्ण घेऊन येणारी रुग्णवाहिका ओल्या रस्त्यावर घसरली, उलटली आणि नाक्यावर आदळली. चार जणांचा जीव गेला. नाक्यावरच्या कॅमेऱ्यात कर्मचारी गाडीसाठी घाईघाईने अडथळे बाजूला करताना दिसतात. सगळे जण वाटच करून देत होते. उंच टपाच्या गाडीचा तोल ओल्या रस्त्यावर एकदा गेला की पायलटच्या हाती फारसे काही उरत नाही.

नातेवाइकांना मात्र वेग हवा असतो. ‘गाडी हाणा हो, माणूस जातोय’ हे शब्द प्रत्येक फेरीत कानी पडतात आणि त्यामागची तळमळ खरी असते. मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटरला ताशी ८० ने साडेसात मिनिटे लागतात, १०० ने सहा. या दीड मिनिटासाठी धडकेचा जोर दीडपटीहून जास्त होतो. काही आजारांत दीड मिनिट मोलाचे असते. पण श्वास व रक्तदाब सांभाळलेला रुग्ण धक्क्यांविना पोचणे बहुतेक वेळा जास्त मोलाचे ठरते, असे लेखकाचे ठाम मत आहे. नातेवाइकांची मोटारसायकल रुग्णवाहिकेच्या मागोमाग तोडलेल्या सिग्नलमधून घुसते, तेव्हा धोका आणखी एका घरापर्यंत पोचतो.

सायरनचेही तसेच. काचा बंद आणि वातानुकूलन चालू असलेल्या मोटारीत तो उशिरा ऐकू येतो, आणि चौकात इमारतींमुळे आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. जवळच्या रांगेतली गाडी थांबते, तिच्याआडची दुसऱ्या रांगेतली थांबत नाही. चौकातली धडक बहुधा या दुसऱ्या गाडीशी होते. अमेरिकेतल्या २०१६ सालच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात रुग्ण नेताना दिवे-सायरन चालू असलेल्या एक लाख फेऱ्यांमागे १७.१ अपघात आढळले, तर ते बंद असताना ७. भारतात रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. रुग्णवाहिकेला लाल दिवा ओलांडण्याची मुभाही आहे, पण काळजी घेऊनच. जाणते पायलट चौकात गाडी जवळजवळ थांबवतात, प्रत्येक रांगेतल्या चालकाची नजर आपल्याकडे वळली आहे ना ते पाहतात आणि मगच पुढे काढतात.

बांद्याच्या त्या रात्रीनंतर निघण्याआधीचे एक मिनिट ठरून गेले. सिलेंडरचा पट्टा ओढून पाहायचा, स्ट्रेचरची खिटी हलवून पाहायची, रुग्णाला खांद्याचे पट्टे लावायचे, नातेवाइकाला पायलटशेजारी पट्ट्यासह बसवायचे. सुया टोचणे, नळ्या घालणे ही कामे शक्यतो गाडी हलण्याआधी उरकायची. छातीदाब द्यायची वेळ आली तर पायलटला मोठ्याने सांगायचे. तो वेग उतरवतो आणि वळणाआधी हाक देतो.

परतीचा प्रवास कोणी धोक्यात मोजत नाही. रुग्ण सोपवलेला, सायरन बंद, पहाटेचे तीन-चार वाजलेले आणि रात्रभर जागा असलेला पायलट. त्या वेळी लेखक मागे झोपत नसे. पुढे येऊन पट्टा लावून बसे आणि पायलटशी गावाकडच्या गोष्टी बोलत राही. त्याची उत्तरे तुटक होऊ लागली की पत्रादेवीच्या आसपास जिथे चहा मिळेल तिथे गाडी बाजूला घेतली जाई. चहाने झोप उडाली नाही तर अर्धा तास तिथेच डोळे मिटून मग निघायचे.