चंद्रावरचे कोरडे समुद्र

चंद्रावरचा ससा दुर्बिणीतून पाहिला, की त्याची काळसर मैदाने होतात. गच्चीवरून त्यांत हिंडणे हा माझा बिनतिकिटाचा प्रवास! १६५१ साली बोलोन्यातल्या रिचोली या पाद्र्याने त्यांना समुद्रांची लॅटिन नावे दिली : मारे इंब्रियम म्हणजे पर्जन्यसागर, मारे नेक्टारिस म्हणजे अमृतसागर, मारे ट्रँक्विलिटाटिस म्हणजे शांतिसागर. चंद्रामुळे हवा पालटते, ही जुनी समजूतच त्या नावांत उतरली. १९६९ साली माणूस शांतिसागरात उतरला, तो कोरड्या पायांनी! त्याने आणला काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. आपला सह्याद्रीही त्याच जातीच्या दगडाचा. पाणी नव्हतेच, तरी नावे कोणी पुसली नाहीत. मला ते बरे वाटते; नुसते दुरून पाहणाऱ्यांचाही त्या भूमीवर थोडा हक्क राहिला.